पंचवीस लाखावा प्रेक्षक

‘प्लॅनेटेरियन’ या जपानी खेळाविषयी लिहायचे तर आधी हे सांगितले पाहिजे की त्यात खेळण्यासारखे काहीही नाही. पडद्यावर एक चित्र असते, त्यावर एखादे पात्र येऊन उभे राहते, खालच्या पट्टीत मजकूर उमटतो, मागे पावसाचा आवाज किंवा संथ संगीत चालू असते आणि वाचकाने क्लिक केले की पुढचे वाक्य येते. या प्रकाराला व्हिज्युअल नॉव्हेल म्हणतात. बहुतेक व्हिज्युअल नॉव्हेलमध्ये मधूनमधून पर्याय समोर ठेवले जातात, शाळेच्या गच्चीवर जायचे की वाचनालयात, आज हिच्याशी बोलायचे की तिच्याशी, आणि निवडीप्रमाणे कथेचे निरनिराळे ‘रूट’ उघडत जातात. ‘प्लॅनेटेरियन’मध्ये तेवढीही मोकळीक नाही. नोव्हेंबर २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कथेला एकच वाट आणि एकच शेवट आहे. पर्याय नसलेल्या या प्रकाराला निर्मात्यांनी ‘कायनेटिक नॉव्हेल’ असे नाव दिले आणि त्या नावाखाली आलेली ही पहिली कथा होय.

निर्माते म्हणजे ओसाका येथील ‘की’ हा गट. ‘कॅनन’ (१९९९), ‘एअर’ (२०००) आणि ‘क्लॅनाड’ (२००४) या खेळांमुळे वाचकाला रडवणारी मंडळी अशी त्यांची ख्याती झाली, आणि ती त्यांनी मनापासून जपलेली दिसते. यातील ‘क्लॅनाड’ संपवायला कित्येक आठवडे लागू शकतात. ‘प्लॅनेटेरियन’ एका संध्याकाळी वाचून होते. माझ्यासारख्या, चाळिशी ओलांडल्यावर या वाटेला लागलेल्या बाईला ऐरोलीत राहणाऱ्या भाच्याने याच खेळापासून सुरुवात करायला सांगितले, ते बहुधा माझ्या चिकाटीविषयी शंका असल्यामुळे. ‘मावशी, यात हरायचं नाही आणि जिंकायचंही नाही, नुसतं वाचायचं,’ एवढीच त्याची प्रस्तावना होती. तो स्वतः तारांगण, यंत्रमानव, उद्ध्वस्त शहर यांसाठी या कथेवर लुब्ध आहे. माझे कारण निराळे आहे. मी गेली अनेक वर्षे ठाण्यातील एका कार्यालयात चौकशीच्या खिडकीवर बसते, आणि या खिडकीमागच्या माणसाविषयी इतक्या गांभीर्याने लिहिलेली कथा मी याआधी वाचलेली नव्हती. पुढे कथेतील बरेच काही उघड होणार आहे. ज्यांना कोरे मन ठेवून वाचायचे आहे त्यांनी खेळ वाचूनच इकडे परत यावे.

महायुद्धाला तीस वर्षे लोटली आहेत. एक मोठे शहर कायमचे बंद करून टाकलेले आहे. त्यात माणूस उरलेला नाही, पण स्वयंचलित युद्धयंत्रे कोणाच्याही हुकुमाविना अजून गस्त घालत आहेत. पाऊस थांबत नाही. आपल्याकडच्या पावसासारखा तो पागोळ्या, बेडूक आणि शेवाळ घेऊन येणारा पाऊस नव्हे. युद्धाने नासवलेल्या आभाळातून तो गळत राहतो आणि त्याच्या वर चंद्र-तारे असल्याचा पुरावा एका पिढीने पाहिलेला नाही. या शहरात वापरण्याजोग्या वस्तू हुडकत फिरणारा एक माणूस यंत्रांपासून जीव वाचवत एका जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या इमारतीत शिरतो. तो भंगारवाला आहे; त्याचे नाव कथेत शेवटपर्यंत येत नाही. सर्वांत वरच्या मजल्यावर त्याला एक घुमट दिसतो, आणि घुमटाच्या दारात गणवेशातील एक यंत्रकन्या त्याला वाकून नमस्कार करते, तारांगणात आपले स्वागत आहे असे म्हणते आणि आपण आमचे पंचवीस लाखावे प्रेक्षक आहात म्हणून अभिनंदनही करते. तिचे नाव होशिनो युमेमी.

युमेमीचे सहकारी युद्धाच्या धामधुमीत निघून गेले त्याला जवळजवळ तीस वर्षे झाली आहेत, आणि ते परततील या विश्वासाने तिने आपले काम चालू ठेवले आहे. वीज पुरेशी नसल्यामुळे वर्षातले मोजके दिवसच ती जागी असते. प्रेक्षक का येत नाहीत याचे तिच्याजवळ उत्तर आहे: हवा खराब आहे. पंचवीस लाखाव्या प्रेक्षकाला पुष्पगुच्छ द्यायचा तर फुले मिळत नाहीत, म्हणून ती मोडक्या वस्तूंचा गुच्छ बांधून आणते. भंगारवाल्याने पाणी मागितले, शस्त्राविषयी विचारले, खेकसून गप्प राहायला सांगितले, तरी तिची भाषा बदलत नाही. प्रत्येक वेळी तेच आदरार्थी बोलणे, तीच क्षमायाचना, तेच आपल्या तारांगणात कधीही न विझणारे तारे पाहायला या असे निमंत्रण. पहिला तासभर ही पुनरुक्ती वाचकाला कंटाळा आणते, आणि लेखक युइची सुझुमोतो यांना तो कंटाळा हवाच आहे असे मला वाटते.

रात्री शेवटच्या गाड्या निघून गेल्यावर ठाणे स्टेशनवर थांबण्याची वेळ ज्यांच्यावर आली असेल, त्यांनी रिकाम्या फलाटाला उद्देशून चाललेली घोषणा ऐकली असेल; प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, असे सांगणाऱ्या त्या आवाजाला समोर प्रवासी आहेत की नाहीत याच्याशी कर्तव्य नसते. युमेमी आरंभी तशीच भासते. फरक हळूहळू कळतो. ती समोरच्याला उत्तर देते, त्याच्या चिडण्याचे कारण समजून घेण्याचा प्रयत्न करते, आणि तरीही तिला दुसरी भाषाच येत नाही. खिडकीवर काम केलेल्या कोणालाही हा अनुभव परका नाही. समोर आलेल्या माणसाच्या घरी मृत्यू झालेला असतो आणि आपण त्याला ‘मूळ प्रमाणपत्र आणि दोन झेरॉक्स’ असे सांगत असतो. त्या वाक्यात आपल्याला वाटलेले सगळे भरण्याचा आपण प्रयत्न करतो. ते त्याच्यापर्यंत पोहोचते की नाही हे कधीच समजत नाही. सुझुमोतो यांनी युमेमीला प्रेमाचे एकही भाषण दिलेले नाही. तिच्या तोंडी जे काही आहे ते नोकरीचे बोलणे आहे आणि त्याच साचेबंद वाक्यांमधून वाचकाला तिची ओढ, तिची भीती आणि तिचा एकटेपणा ऐकू यायला लागतो. ज्या कलाकृती पात्रांच्या तोंडून भावना वदवून घेतात, त्यांच्यापेक्षा ही वाट कितीतरी अवघड आहे.

घुमटाच्या मध्यभागी उभ्या असलेल्या प्रक्षेपकाला युमेमी ‘मिस येना’ म्हणते. येना हे जर्मनीतील झाइस कंपनीचे गाव. तारांगणाचे यंत्र तिथेच जन्मले. १९२३ मध्ये वाल्थर बाउअर्सफेल्ड यांनी घडवलेला प्रक्षेपक आधी कारखान्याच्या गच्चीवर आणि मग म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये लोकांना दाखवण्यात आला. पुढे या यंत्रांना जे डंबेलसारखे रूप आले त्यात दोन टोकांना दोन गोल असतात, एक उत्तर आकाशासाठी आणि एक दक्षिण आकाशासाठी. गोलाच्या आत दिवा, त्याच्यापुढे ताऱ्यांच्या तेजस्वितेनुसार लहानमोठी छिद्रे पाडलेले पत्रे आणि भिंगे. मधल्या भागात ग्रहांची गती साधणारी दंतचक्रे. म्हणजे सबंध आकाश पत्र्यातील छिद्रांत आणि चाकांच्या दात्यांत साठवलेले असते, आणि ज्याला दंतचक्र समजते तो ते दुरुस्त करू शकतो. कथेत हेच घडते. भंगारवाल्याला ताऱ्यांचे काही सोयरसुतक नसते, पण बिघडलेले यंत्र समोर असताना हात आवरून बसणे त्याच्या स्वभावात नाही. हा भाग मला फार आवडतो, कारण त्याच्या मनात दया उपजली म्हणून तो दुरुस्तीला लागत नाही, दुरुस्ती करता करता त्याचे मन वळते.

ओसाकामध्ये १९३७ साली झाइसचा प्रक्षेपक बसवण्यात आला, ते जपानचे पहिले तारांगण. पाठोपाठ १९३८ मध्ये टोकियोत दुसरे उभे राहिले आणि १९४५ च्या हवाई हल्ल्यांत ते जळाले. म्हणजे युद्धात नष्ट झालेले तारांगण ही कल्पना त्या देशात कोणाला कल्पनेतून आणावी लागलेली नाही. टोकियोतील शिबुया येथे एका करमणुकीच्या इमारतीच्या माथ्यावर १९५७ पासून चाललेले गोतो तारांगण २००१ मध्ये बंद झाले. पुढच्या तीन-चार वर्षांत हा खेळ आला. कोबेजवळच्या आकाशी शहरात मात्र येनामध्ये बनलेला प्रक्षेपक १९६० पासून चालू आहे, आणि जानेवारी १९९५ च्या मोठ्या भूकंपातूनही तो वाचला. या वास्तवातील घटना आणि खेळातील तारांगण यांची सांगड लेखकाने घातली होती की नाही यावर मी काही म्हणणार नाही, परंतु जपानी वाचकाच्या मनात मिस येना कोणत्या स्मृती चाळवत असेल याची कल्पना यावरून येते. आपल्याकडेही पुण्याच्या टिळक रस्त्यावरील न्यू इंग्लिश स्कूलमध्ये १९५४ पासून लहानसे तारांगण आहे, आणि वरळीचे नेहरू तारांगण १९७७ मध्ये सुरू झाले. ठाण्यातील माझ्या पिढीच्या बहुतेक शाळकरी मुलांनी सप्तर्षी, शर्मिष्ठा आणि मृग पहिल्यांदा पाहिले ते वरळीच्या घुमटाखाली, सहलीच्या दिवशी. खरे आकाश पाहायचे तर वांगणी गाठावे लागते. खगोल मंडळाचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम तिथे होतात, तेही पाऊस संपल्यावर. घोडबंदर रस्त्यावरच्या आमच्या इमारतीच्या गच्चीवरून चंद्र, गुरू, शुक्र आणि हवा बरी असेल तर व्याध, एवढ्यावर समाधान मानावे लागते.

दुरुस्ती संपते आणि तारांगणाचा प्रयोग सुरू होतो. एका प्रेक्षकासाठी, पण पूर्ण शिस्तीत. युमेमी सूर्यास्त घडवते, दिवे मालवते, आणि तीस वर्षे पावसाखाली जगलेला माणूस आयुष्यात पहिल्यांदा तारे पाहतो. पडद्यावर तेव्हा फारसे काही हलत नाही. चित्र स्थिर असते, मजकूर पुढे सरकत असतो. मग इमारतीचा वीजपुरवठा संपतो. प्रयोग अर्धवट, घुमट काळाकुट्ट. कळव्याला किंवा डोंबिवलीला भारनियमनाची वर्षे काढलेल्या वाचकाला इथे काय होईल असे वाटते, तेच होत नाही. युमेमी दिलगिरी व्यक्त करते, प्रयोग थांबवावा लागेल असे सांगते, आणि भंगारवाला तिला पुढे बोलायला सांगतो. ती बोलते. पडद्यावर अंधार आणि खाली तिची वाक्ये, एवढेच उरते, आणि आपण ज्या प्रकाराला चित्रांची कादंबरी समजत होतो त्यातून चित्रच काढून घेतले जाते. काही मिनिटे मी अंधाऱ्या पडद्याकडे बघत क्लिक करत होते आणि आकाश मला दिसत होते. व्हिज्युअल नॉव्हेल हे माध्यम काय करू शकते याचा यापेक्षा चांगला दाखला मला ठाऊक नाही. चित्रपटाला अंधारात इतका वेळ थांबता येत नाही. छापील पुस्तकाला आधी प्रकाश देऊन नंतर तो काढून घेता येत नाही.

संगीताविषयी एक गोष्ट फार थोड्या रसिकांच्या ध्यानात आलेली दिसते. तारांगणात जी धून वाजते ती चार्ल्स कॉन्व्हर्स या अमेरिकन संगीतकाराने १८६८ मध्ये बांधलेल्या ख्रिस्ती भजनाची आहे. जपानमध्ये ती चर्चपुरती राहिली नाही. १९१० मध्ये याच चालीवर एक शालेय गीत रचले गेले आणि त्याचा विषय आहे चंद्र नसलेल्या रात्रीचे तारांकित आकाश. प्रार्थना आणि तारे एकाच सुरावटीत आधीपासून राहत होते, ‘की’च्या संगीतकारांनी ते फक्त घुमटाखाली आणले. शेवटी येणारे गीत केंजी मियाझावा (१८९६–१९३३) यांचे आहे. वृश्चिक, गरुड, मृग, मोठे अस्वल, लहान अस्वल अशी नावे घेत ध्रुवाकडे नेणारी ती रचना आहे, आणि सबंध कथेत युमेमी जे काम करते तेच ते गीत करते. तारे मोजत, नावे घेत जाते.

आता पर्याय नसण्याविषयी. भाच्याचे म्हणणे असे की लेखकाने एका ठिकाणी तरी वाचकाला निवड द्यायला हवी होती, म्हणजे घाव अधिक खोल गेला असता, कारण दोष आपल्यावर आला असता. खेळांच्या बाबतीत हा विचार चुकीचा नाही. ‘क्लॅनाड’ त्याच जोरावर उभा आहे. पण इथे दोन माणसे आहेत (एकीला माणूस म्हणण्याबद्दल कोणी हरकत घेतल्यास मी ती नोंदवून ठेवीन) आणि दोघांनाही निवडीला वाव नाही. युमेमीला तिच्या कामाबाहेर पाऊल टाकता येत नाही. भंगारवाल्याला या शहरात थांबता येत नाही. अशा कथेत वाचकाच्या हातात मात्र चार दारांच्या चार किल्ल्या असत्या, तर तो त्या दोघांपेक्षा वरच्या आसनावर बसला असता. क्लिक करणे आणि ऐकत राहणे, एवढाच अधिकार देऊन सुझुमोतो वाचकालाही प्रेक्षकांच्या खुर्चीत बसवतात.

प्रयोगानंतर भंगारवाला निघतो आणि युमेमी त्याला गाडीपर्यंत सोडायला येते, कारण प्रेक्षक सुखरूप परत जाणे हाही सेवेचा भाग आहे. बाहेर पाऊस आहे, रस्ते खचलेले आहेत आणि वाटेत एक अजस्र युद्धयंत्र आहे. पुढचे तपशील मी देत नाही. एवढे सांगते की युमेमीची एक प्रार्थना आहे, आणि ती या खेळाच्या रसिकांना तोंडपाठ असते: देवाने स्वर्गाचे दोन भाग करू नयेत. माणसांसाठी एक आणि यंत्रांसाठी दुसरा असे करू नये, कारण तसे झाले तर तिला पुढेही माणसांच्या उपयोगी पडता येणार नाही. मोक्षाची इतकी नोकरदार कल्पना मी दुसरीकडे वाचलेली नाही. तिला विश्रांती नको आहे, बढती नको आहे, मुक्तीही नको आहे. तिला तीच खिडकी हवी आहे आणि समोर माणसे हवी आहेत. हे वाचून मला प्रथम राग आला होता, हे नमूद करते. स्वतःसाठी काहीच न मागणारी, सदैव हसतमुख, सेवेत धन्यता मानणारी स्त्रीरूपातील यंत्रे पुरुष लेखकांना फार सुचतात आणि त्यांची वाहवा करणाऱ्यांना आपल्या घरातील बायका त्याच मापाच्या हव्या असतात. हा आक्षेप मी पूर्णपणे मागे घेतलेला नाही. तरीही कथेत या सेवाभावाची किंमत झाकलेली नाही. ज्या माणसांनी तिला बनवले त्यांनीच जग नासवले, तिला मागे ठेवले आणि तिच्या विश्वासाला पात्र ठरेल असे काही केले नाही, हे भंगारवाल्याला कळते आणि ते त्याला असह्य होते.

म्हणून शेवटी तो तिच्याशी खोटे बोलतो. तिच्या नव्या कामाच्या जागेविषयी, तिथे वाट पाहणाऱ्या प्रेक्षकांविषयी तो सांगत जातो. यातले काहीच अस्तित्वात नाही. या प्रसंगाला अनेक जण निव्वळ करुण म्हणतात. मला त्यात भाषेचा पालट दिसतो. तोवर तुसडेपणाने, तुटक वाक्यांत बोलणारा हा माणूस तिथे पहिल्यांदा युमेमीच्या पद्धतीने बोलतो, समोरच्याला दिलासा देणारी, नेमून दिलेल्या कामासारखी नीट जुळवलेली वाक्ये. खिडकी आतून कशी असते हे त्याला त्या क्षणी कळलेले असते.

उणिवा आहेत. शस्त्रांची वर्णने गरजेपेक्षा लांब आहेत; कोणत्या नळीत कोणता गोळा बसतो हे मला अखेरपर्यंत समजले नाही आणि त्यावाचून काही अडलेही नाही. एइजी कोमात्सु यांनी युमेमीला दिलेले रूप, त्या मोठाल्या फिती आणि बालिश चेहरा, तिच्या बोलण्यातील पोक्तपणाशी जुळायला वेळ लागतो. तिचा आवाज मात्र अचूक आहे. केइको सुझुकी यांनी तीच ती स्वागताची वाक्ये दर वेळी तितक्याच काटेकोरपणे म्हटली आहेत. शेवटच्या भागात त्यांनी आवाजात कंप आणलेला नाही, हे त्यांचे मोठेपण.

इंग्रजी अनुवाद २०१४ पासून स्टीम या संगणकीय खेळांच्या ऑनलाइन दुकानात मिळतो आणि २०१७ मध्ये सुधारलेल्या चित्रांची आवृत्ती आली. नव्याने वाचणाऱ्यांनी तीच घ्यावी, हेडफोन लावून वाचावी आणि वाक्ये आपोआप पुढे सरकवणारा ऑटो मोड बंद ठेवावा, कारण अंधारातला प्रसंग ज्याने त्याने आपल्या गतीने वाचायला हवा. डेव्हिड प्रॉडक्शन या जपानी ॲनिमेशन स्टुडिओने २०१६ मध्ये याच कथेवर पाच भागांची मालिका आणि नंतर एक चित्रपट काढला. मालिका नेटकी आहे. चित्रपटात म्हातारा झालेला भंगारवाला तारे दाखवत गावोगाव हिंडतो आणि लोक त्याला जवळजवळ संतपदाला बसवतात. तिथे माझे आणि भाच्याचे पुन्हा वाजते. त्याला तो शेवट मूळ कथेची पूर्तता वाटतो. मला वाटते, युमेमीला कोणी पूजले नव्हते, तिच्याकडे लोक तिकीट काढून येत होते आणि खेळ संपला की घरी जात होते. तिच्या कामाचा वारसा चालवणाऱ्यालाही तेवढेच मिळायला हवे होते.